छातीत दुखतंय : हृदय की बरगडी?

छातीत कळ आली की घरातलं कुणीतरी म्हणतं, 'गॅस धरला असेल, ओवा खा.' आपल्या मनात मात्र हार्ट अटॅकची धास्ती असते. या दोन्हींपेक्षा वेगळं असं छातीचं एक दुखणं आज आम्ही तुम्हाला समजावून सांगणार आहोत. बरगड्यांच्या सांध्यांना सूज येऊन होणारं हे दुखणं. डॉक्टर त्याला 'कॉस्टोकॉन्ड्रायटिस' म्हणतात.

आपल्याला बरगड्यांच्या 12 जोड्या असतात. त्यातल्या वरच्या 7 जोड्या छातीच्या मधल्या हाडाला कूर्चेने जोडलेल्या असतात. कूर्चा म्हणजे कानाच्या वरच्या भागासारखा लवचीक भाग. श्वास घेताना छाती फुलते ती या लवचीकपणामुळेच. या जोडणीला दाह झाला की दुखायला लागतं, बहुतेकदा दुसऱ्या ते पाचव्या बरगडीपाशी. आपण दिवसातून 20 हजारांच्या आसपास श्वास घेतो. हातपाय दुखला तर बांधून ठेवता येतो, या सांध्यांना मात्र पूर्ण विश्रांती कधीच नाही. म्हणूनच हे दुखणं काही आठवडे, कधी काही महिनेही रेंगाळतं.

ओळखायचं कसं? दुखरी जागा बोटाने दाबली की कळ येते. खोकताना, खोल श्वास घेताना, कुशीवर वळताना ती वाढते. खूप दिवसांचा खोकला, जड हंडा उचलणं, गोधड्या पिळणं ही निमित्तं असू शकतात. पुष्कळदा कारण सापडतही नाही. पुरुषांपेक्षा बायकांना हा त्रास जास्त होतो. दुखणं स्तनामागे जाणवल्याने काहीजणी कॅन्सरच्या भीतीने गप्प बसतात. तसं करू नका, तपासून घ्या.

आता सर्वांत महत्त्वाचं. दाबल्यावर दुखतं म्हणजे हृदय ठीकच आहे, असं घरी ठरवू नका. छातीत दडपण, दम लागणं, दरदरून घाम, मळमळ, एकाएकी गळून जाणं, जबडा, पाठ किंवा हातात कळ यांपैकी काही झालं, तर ताबडतोब 108 ला फोन करा. बायकांमध्ये हार्ट अटॅक कधीकधी छातीत फारसं न दुखताही येतो. ताप, खोकल्यातून रक्त किंवा बरगडीवर वाढती सूज असेल तरी डॉक्टरांना दाखवा. बरगडीच्या दाहासाठी वेगळी अशी तपासणी नाही. ईसीजी, एक्स-रे काढतात ते दुसरा आजार नाही ना, हे पाहण्यासाठी.

डॉक्टरांनी बरगडीचंच दुखणं आहे असं सांगितलं, की पुढची काळजी घरी घेता येते. कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीने 15 मिनिटं शेका. जोरात चोळू नका. कळशी भरून उचलण्याऐवजी अर्धी उचला, दोन खेपा करा. खोकला असेल तर त्यावर आधी उपचार घ्या. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. गरोदरपण, ॲसिडिटी, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर हे जास्तच सांभाळा. कळ ओसरली की दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकून, छाती हलकेच पुढे ताणा. दुखलं तर थांबा.

आणि घरच्यांनो, तुम्हीही ऐका. या दुखण्यावर विश्रांती हेच मोठं औषध आहे, आणि बाईला ती तिच्या वाट्याचं जड काम दुसऱ्या कुणी उचललं तरच मिळते.