देहांतील मॅग्नेशियमची उणीव

मॅग्नेशियमची फीत पेटविली म्हणजे डोळे दिपविणारा शुभ्र प्रकाश पडतो, हें आमच्या विद्यार्थिमित्रांनीं प्रयोगशाळेंत पाहिलेंच असेल. हाच धातु क्षाररूपानें आपल्या देहांतहि वसतो, आणि तो फार उणा पडला असतां प्रसंगीं प्राणावर बेततें, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें.

प्रौढ मनुष्याच्या शरीरांत सुमारें २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतें. त्याचा अर्ध्याहून अधिक भाग हाडांत असतो. रक्तांत शेंकडा एक भागहि नसतो. म्हणूनच रक्ताच्या तपासणींत आंकडा ठीक दिसला तरी देहांतील सांठा घटलेला असूं शकतो. दीर्घकाळचे जुलाब, मद्यपान, मधुमेह, तसेंच लघवी वाढविणारीं किंवा आम्लपित्तावर फार दिवस घेतलेलीं कांहीं औषधें, हीं या उणिवेचीं प्रमुख कारणें होत.

आरंभीं अन्नावरची वासना उडते, मळमळतें, थकवा येतो. पुढें हात थरथरतात, पायांत गोळे येतात. उणीव तीव्र झाल्यास आंकडी येते व हृदयाचे ठोके बिघडतात. हीं लक्षणें इतर रोगांतहि आढळतात. परंतु एक खूण विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. रोग्यास पोटॅशियम किंवा कॅल्शियम देऊनहि त्यांचें रक्तांतील प्रमाण वाढत नसेल, तर मॅग्नेशियमकडे पाहावें. तें उणें असतां मूत्रपिंडें पोटॅशियम बाहेर टाकीतच राहतात, आणि कॅल्शियम सांभाळणारी पॅराथायरॉइड ग्रंथि मंदावते. फुटक्या घागरींत पाणी ओतावें, तसा तो प्रकार होतो!

सौम्य उणिवेस पोटांत घ्यावयाच्या गोळ्या पुरतात. तीव्र असल्यास मॅग्नेशियम सल्फेट शिरेवाटे सावकाश देतात. मूत्रपिंडें दुर्बळ असल्यास मात्र तेंच औषध देहांत साचून घातक ठरतें. यास्तव रोग्याचा श्वास मोजतात, व गुडघ्याखालीं हलकेंच ठोकून पाय उडतो कीं नाहीं तें पाहतात. पाय उडेनासा झाला, कीं औषध थांबवितात. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ ठेवलेलें असतें.

पालकांस आमची विनंति इतकीच कीं, घरीं कोणी आजारी असल्यास चालू असलेलीं सर्व औषधें डॉक्टरांस सांगावीं, व आपल्या मतानें कोणताहि क्षार देऊं नये. निरोगी मनुष्यास पालेभाजी, डाळी, शेंगदाणे, तीळ व न सडलेलें धान्य यांतून हें द्रव्य सहज मिळतें. पानांस हिरवा रंग देणाऱ्या हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागीं मॅग्नेशियमचाच अणु असतो. तेव्हां ताटांतील पालेभाजी बाजूस सारणाऱ्या आमच्या बालमित्रांनीं याचा अवश्य विचार करावा.