नाव नोंदवण्याआधीचे बारा आठवडे

मेळघाटात धारणीकडच्या एक आशाताई दारूने पोटातल्या बाळाचं काय होतं हे सांगायला दारूत अंडं फोडून दाखवतात, असं परतवाड्याला कोणीतरी सांगितलं म्हणून मी गेले. गरोदर बाईच्या पोटात चौरस जेवण जावं यासाठी जिथे सरकारला अमृत आहार योजना काढावी लागली, तिथे अंडं कोणी वाया घालवतं याचंच मला नवल होतं.

"घरच्या कोंबडीचं हाये," ताईंनी न विचारताच सांगून टाकलं.

दिवस मोहफुलांचे. अंगणवाडीच्या ओट्यावर बसलं तरी शेजारच्या अंगणात वाळत घातलेल्या फुलांचा वास येत होता. गोड, जरा आंबूस, कपड्यांत बसणारा. जमलेल्या गरोदर बायकांचं वजन, रक्तदाब, लोहाच्या गोळ्या हे पटापट उरकलं. मग ताईंनी ग्लासात पहिल्या धारेची दारू ओतली, अंड्यातलं पांढरं तीत सोडलं आणि कोरकूत बोलायला लागल्या. बायका हसत होत्या. हळूहळू ते पांढरं ढगाळलं, मग शिजल्यासारखं घट्ट झालं. हसू थांबलं. एका सासूने ग्लास उचलून हुंगला, खरंच दारू आहे ना म्हणून.

मला हा खेळ पूर्ण पटला नाही. आईच्या रक्तात दारू कधीच इतकी कडक नसते, आणि बाळाचा मेंदू असा शिजत नाही. खरं घडतं ते डोळ्यांना दिसत नाही. दारू वारेतून बाळाच्या रक्तात जाते, त्याचं यकृत कच्चं असल्यामुळे तिथेच रेंगाळते आणि मेंदूची घडण बिघडवते. बाळ वजनाला कमी भरू शकतं. काहींचा वरचा ओठ पातळ, नाकाखालची खाच सपाट, डोळ्यांच्या फटी आखूड असतात. बहुतेकांच्या चेहऱ्यावर मात्र काहीच दिसत नाही. पुढे शाळेत गणित डोक्यात शिरत नाही, पोरगं एका जागी बसत नाही आणि मास्तर त्याला 'ढ' म्हणून मोकळे होतात. फ्रान्समध्ये लेमोइन या डॉक्टरांनी १९६८ साली अशा मुलांची नोंद केली. १९७३ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी या विकाराला नाव दिलं. तो बरा करणारं औषध नाही. अमुक इतकी घेतली तर चालते, असं सुरक्षित मापही नाही.

"एवढं बारीक सांगतलं त कोणी आयकत नाही ताई," त्या म्हणाल्या. "अंडं ध्यानात राह्यते."

त्यांची खरी तक्रार वेगळीच होती. "बारा आठवडे," त्या बोट नाचवत म्हणाल्या. गरोदरपणाची नोंद बारा आठवड्यांच्या आत करून घ्यायची, कार्ड हातात द्यायचं, मग बोलायचं. पण बाळाचं हृदय, चेहरा, मेंदूचा पाया हे सगळं त्याच बारा आठवड्यांत आकार घेतं. पहिले काही आठवडे तर दिवस गेल्याचं त्या बाईलाही ठाऊक नसतं. तेवढ्यात एखादी होळी होऊन जाते, दोन लग्नं होतात. म्हणून ताई आता नव्या नवरीच्या घरी आधी जातात, आणि नवरदेवालाही बसवून घेतात. "तो रोज पेते, अन् तिलेच म्हनायचं का नोको पिऊ?"

इथे मी त्यांच्या बाजूची आहे. मेळघाटातल्या कमी वजनाच्या बाळांचं सगळं खापर दारूवर फोडणं सोपं आहे. रक्तक्षय, कोवळं वय, नवव्या महिन्यापर्यंतची मजुरी ही कारणं मग झाकली जातात. आणि हा प्रश्न फक्त कोरकू बायांचा, असं समजणारे शहरातले लोक स्वतःच्या स्वयंपाकघरात पाहत नाहीत. अकोल्यातल्या माझ्या एका मैत्रिणीला सातव्या महिन्यात सर्दीसाठी चमचाभर ब्रँडी आजेसासूनेच दिली होती. आसव-अरिष्टांतही आपोआप तयार झालेला मद्यार्क असतो, पण 'आयुर्वेदिक आहे' म्हटलं की कोणी विचारत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) दारू पिणाऱ्या स्त्रियांचं देशातलं प्रमाण जेमतेम १.३ टक्के आलं. सासूच्या समोर कोणती सून हो म्हणेल?

आपल्याकडच्या बाटलीवर २०१९ पासून इशारा सक्तीचा आहे: दारू आरोग्याला घातक, पिऊन गाडी चालवू नका. पोटातल्या बाळाबद्दल अक्षर नाही. अमेरिकेत ते १९८९ पासून छापतात. घरी गाळलेल्या मोहाच्या दारूला तर लेबलच नाही. तिचं लेबल म्हणजे या ताई.

तेव्हा घरात लग्न ठरलं असेल, मूल हवं असेल, तर कार्डाची वाट न पाहता हे बोला, दोघांशीही. कळायच्या आधी घेतली गेली असेल तर लपवू नका. आज थांबवली तरी बाळाला फायदाच होतो. रोजची सवय असेल तर एकदम तोडू नका, आधी डॉक्टरांना सांगा.