पडण्यासाठी घडवलेला गोळा

५ जून १९९९ रोजी डिस्कव्हरी या स्पेस शटलमधून ॲल्युमिनियमचा एक गोळा अवकाशात सोडण्यात आला. व्यास साधारण ४८ सेंटिमीटर, वजन ३९ किलो. आत कॅमेरा नाही, बाहेर सौरपंखे नाहीत. अंगभर बसवलेले ८७८ छोटे आरसे तेवढे. नाव स्टारशाइन. १८ देशांतल्या सुमारे २५ हजार विद्यार्थ्यांनी ते आरसे हातांनी घासून चकचकीत केले होते. पुढच्या वर्षी १८ फेब्रुवारीला हा गोळा वातावरणात शिरून जळाला. तो सोडला होता तो त्यासाठीच.

तीनचारशे किलोमीटर उंचीवर पोकळी असते असं आपण सर्रास म्हणतो, पण तिथेही विरळ हवा उरलेली असते, मुख्यतः सुट्या ऑक्सिजन अणूंची. सेकंदाला पावणेआठ किलोमीटर वेगाने जाणारा उपग्रह या अणूंवर आदळत राहतो आणि प्रत्येक फेरीला किंचित खाली येतो. गंमत म्हणजे खाली येताना त्याचा वेग वाढतो, कारण लहान कक्षेत फिरायला जास्त वेग लागतो.

ही हवा किती दाट आहे हे सूर्य ठरवतो. सूर्य खवळला की वरचं वातावरण तापून फुगतं. ४०० किलोमीटरवरची घनता सूर्याच्या शांत आणि सक्रिय काळांत दहापटीपर्यंत बदलू शकते. स्कायलॅब ही सुमारे ७७ टनांची प्रयोगशाळा १९८०च्या दशकापर्यंत टिकेल असा अंदाज होता. ती ११ जुलै १९७९ रोजीच कोसळली. ती आपल्याच डोक्यावर पडणार या धास्तीने आपल्याकडची गावंच्या गावं तेव्हा आभाळाकडे बघत होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये सौरवादळाने हवा फुगली आणि नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ गेले. अंदाज चुकण्याची किंमत ही अशी असते, आणि म्हणूनच या साध्या गोळ्यांचं मला फार मोल वाटतं.

नेहमीच्या उपग्रहावरून हवेची घनता काढायला गेलं की घोटाळा होतो. त्याचे पंखे वळले की हवेला सामोरं जाणारं क्षेत्रफळ बदलतं, वाऱ्यात छत्री उघडावी नि मिटावी तसं. मग तो जास्त घसरला तो हवा दाटली म्हणून की अंग वळलं म्हणून, हे सांगता येत नाही. गोळ्याला समोर आणि बाजू असा भेदच नाही. त्याचं वजन आणि आकार जमिनीवरच काटेकोर मोजून ठेवले की घसरणीचा जाब बहुतांशी हवेलाच विचारता येतो. वजनाचा हिशेबही नाजूक असतो: फार जड गोळा हलका फरक दाखवत नाही, फार हलका लवकर संपतो.

१६ फेब्रुवारी १९६१ रोजी सोडलेला एक्स्प्लोरर ९ हा याच घराण्याचा पूर्वज. ३.६६ मीटर व्यासाचा फुगा, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमच्या पातळ थरांचा. त्याचं रेडिओ यंत्र बंद पडलं, तरी मोहीम बुडाली नाही. जगभर मांडलेल्या बेकर-नन कॅमेऱ्यांनी त्याचा माग काढला. त्या जाळ्यातला एक कॅमेरा आपल्या नैनितालला होता.

स्टारशाइनने तोच माग काढण्याचं काम मुलांच्या हाती दिलं. शाळेत एक इंच व्यासाची धातूची चकती यायची. मुलं ती आधी जाड, मग बारीक, मग आणखी बारीक पूड घेऊन तासन्‌तास घासायची, चेहरा स्वच्छ दिसेपर्यंत. पुढे पहाटे किंवा संध्याकाळी, खाली अंधार आणि वर ऊन असताना, एखादा आरसा क्षणभर लकाकला की कोणत्या ताऱ्याजवळ आणि नेमका किती वाजता, याची नोंद करायची. अशा नोंदींवरून कक्षा ठरते आणि कक्षेच्या घसरणीवरून हवेची घनता.

रचनेचं सर्वांत देखणं उदाहरण मात्र अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेचं. तिथल्या मंडळींनी कॅस्टर आणि पॉलक्स हे सारख्याच व्यासाचे दोन गोळे बनवले. एकाचं वजन दुसऱ्याच्या सुमारे पावणेदोन पट ठेवलं. ३० जुलै २००९ रोजी दोन्ही एकत्रच सुटले. हलका पॉलक्स झपाट्याने खाली सरकत पुढे निघाला आणि मार्च २०१० मध्ये जळाला. जड कॅस्टर ऑगस्टपर्यंत टिकला. दोघांमधल्या वाढत्या अंतरामुळे त्याच आभाळाची दोन वेगवेगळी मोजमापं मिळाली. जमिनीवरून सोडलेला लेझर परतवणारे आरसे अंगावर असल्याने त्यांची जागाही अचूक कळत होती.

आपल्याकडे विद्यार्थ्यांचे उपग्रह नवे नाहीत. पुण्याच्या सीओईपीचा ‘स्वयम्’ आणि आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ दोन्ही २०१६ मध्ये पीएसएलव्हीने वर गेले. वरच्या वातावरणाच्या अभ्यासासाठीच्या क्यूबी५० या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे आठ छोटे उपग्रहही २३ जून २०१७ रोजी श्रीहरिकोट्याहूनच उडाले. तेव्हा पुढच्या उपग्रहाचा आराखडा मांडायला बसलेल्या आपल्या अभियांत्रिकीच्या मुलामुलींना एवढंच सुचवतो: एकदा गोळ्याचा विचार करा, आणि त्याचे आरसे घासायला गावोगावच्या शाळांना बोलवा.