वेत : फेकून दिलेल्या मालातून उभा राहिलेला धंदा

इ.स. 1844 ची गोष्ट. अमेरिकेतील बोस्टन बंदरात पूर्वेकडून जहाजे येत. प्रवासात माल हलू नये म्हणून पेट्यांच्या मधे वेताच्या जुड्या कोंबलेल्या असत. माल उतरला की त्या धक्क्यावरच टाकून देत. सायरस वेकफिल्ड या किराणा व्यापाऱ्याने त्यातला थोडा वेत उचलून खुर्च्या बनविणाऱ्यांना विकून पाहिला. तो लगेच खपला.

त्या काळी खुर्चीची बैठक विणायला वेताची वरची चकचकीत सालच वापरीत. गाभा वाया जाई. पुढे वेकफिल्डने स्वतःचा कारखाना काढला. तेथे गाभ्यापासून टोपल्या आणि फर्निचर, तर कीस व तुकड्यांपासून चटया होऊ लागल्या. 1868 साली त्या गावाने आपले नावच बदलून वेकफिल्ड ठेवले.

वेत म्हणजे बांबू नव्हे. ती ताडाच्या कुळातली काटेरी वेल आहे. बांबू पोकळ, वेत भरीव. म्हणूनच भिजवून, शेक देऊन वाकविला तर तो सहसा मोडत नाही आणि वाकविलेला आकार धरून ठेवतो. ही बैठक हलकी असते, हवा खेळती राहते, उन्हाळ्यात पाठ घामेजत नाही. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून वेत इंग्लंडला पोचला, तेव्हा गाद्या-कापडवाल्यांनी आपला धंदा बसतो म्हणून पार्लमेंटकडे गाऱ्हाणे नेले. वेतवाल्यांनी उत्तर दिले की आमच्या खुर्चीत धूळ साचत नाही, कसर लागत नाही. ही जाहिरात आजही चालण्यासारखी आहे!

हाताच्या विणीला खरा धक्का 1917 साली बसला. मार्शल लॉईड या अमेरिकन माणसाने कागदाच्या पिळाची दोरी करून ती यंत्रावर विणली आणि तयार कापड चौकटीवर बसविले. काही धाग्यांत मजबुतीसाठी आत तार असे. आज त्या जागी प्लॅस्टिकचा वेत आला आहे. अंगण-गच्चीसाठी तो वाईट नाही, कारण खरा वेत ऊन-पावसात खराब होतो. पण दुकानदाराने दोन्हींतला फरक गिऱ्हाइकाला सांगूनच माल विकावा.

जगातला सर्वाधिक वेत इंडोनेशियात होतो. 1980 च्या दशकात त्या सरकारने कच्च्या वेताची निर्यात रोखली. मधल्या काळात ती सैल झाली, पण 2012 पासून पुन्हा बंदी आली. हेतू हा की वेत बाहेर न जाता जावा बेटावरील चिरेबोनच्या कारागिरांनी बनविलेल्या खुर्च्या बाहेर जाव्यात. मात्र जंगलातून वेत तोडून आणणाऱ्यांना त्यामुळे भाव कमी मिळू लागला, ही दुसरी बाजूही विसरता येत नाही. बनविणाऱ्याच्या पदरात पडलेला नफा तोडणाऱ्याच्या खिशातून गेला, तर तो धंदा अर्धाच सुधारला.

आपल्याकडे सरकारी कचेऱ्यांतील वेताच्या खुर्च्या सर्वांच्या परिचयाच्या. अंध विद्यार्थ्यांच्या शाळांतूनही हे विणकाम शिकविले गेले, कारण आठकोनी जाळीची ही वीण बोटांच्या अंदाजाने येते. दुरुस्तीच्या या कामाला भांडवल थोडे लागते. सागवानी चौकट साबूत असेल तर बैठक पुन्हा विणता येते आणि जुन्या घरांतून अशा चौकटी अजून पडून आहेत. साल मात्र भिजवून, ओली असतानाच विणावी. वाळल्यावर ती आपोआप ताणून बसते.