पुस्तक उघडायच्या आधी: जूनचा पहिला आठवडा

जून लागला. 15-16 तारखेला शाळेची घंटा वाजणार, विदर्भात उन्हामुळे थोडी उशिरा. आपल्या ऐकणाऱ्यांत यंदा पहिल्यांदाच वर्गावर उभे राहणारे बरेच जण आहेत, आणि सगळ्यांच्या व्हॉइस नोटमध्ये फिरून एकच प्रश्न येतो: "सर, पहिल्या दिवशी वर्गात जाऊन नेमकं करायचं काय?" आवाजात भीती असते. असू दे. मीही शिक्षणसेवकच आहे, दुसरं वर्ष सुरू होतंय, पोटात गोळा मलाही येतो.

तर आज एकच काम सांगतो. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला एकेकटं जवळ बसवायचं आणि त्याचं वाचन ऐकायचं. धडे नंतर.

का, ते माझ्याच चुकीवरून सांगतो. माझी शाळा बीड जिल्ह्यात. जिल्हा परिषदेची, दोन शिक्षकी. माझ्याकडे तिसरी आणि चौथी मिळून 26 पोरं. मागच्या वर्षी तिसरीत एक पोरगा होता. धडा वाच म्हटलं की खडाखडा वाचायचा, ओळीवरून बोटही फिरायचं. मी खूश. दिवाळीच्या तोंडावर मी सहज फळ्यावर एक नवीन वाक्य लिहिलं आणि त्याला उठवलं. तो फळ्याकडे बघत राहिला. मग शेजारच्या पोराकडे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोरगं वाचत नव्हतंच, ऐकून ऐकून धडेच्या धडे पाठ केले होते त्यानं. बोट नेमकं कोणत्या शब्दावर आहे, हे मी कधी वाकून पाहिलंच नव्हतं.

आणि आमच्याकडे दिवाळी म्हणजे ऊसतोडीला निघायची वेळ. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ट्रॅक्टर दारात येतो, आणि कुटुंब थेट मार्च-एप्रिललाच परततं. त्याची पहिली-दुसरी अशीच अर्धी अर्धी गेली होती. मला कळलं आणि आठ दिवसांत तो आईबापाबरोबर फडावर गेला. पोराला हंगामी वसतिगृहात ठेवा म्हणून मी घरी जाऊन आलो, पण धाकट्या बहिणीला सांभाळायला तोच लागत होता. म्हणजे माझ्या हातात जून ते ऑक्टोबर एवढेच महिने होते, आणि ते मी अभ्यासक्रमामागं पळण्यात घालवले.

आता रीत सांगतो. माझी नाही, 'असर'ची. 'प्रथम' संस्था 2005 पासून गावोगाव घरी जाऊन मुलांचं वाचन तपासते, ते सर्वेक्षण. चार कागद करा: पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा, दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट, सुटे शब्द आणि सुटी अक्षरं. सुरुवात उताऱ्यापासून. तीनपेक्षा जास्त चुका न करता, वाक्य वाक्यासारखं वाचलं तर गोष्ट द्या. अडलं तर शब्दांवर या. पाचांतले चार बरोबर आले तर मूल शब्दांच्या पातळीवर आहे. नाही आले तर अक्षरं, तोच हिशोब. उतारा पुस्तकातला घेऊ नका. का, ते आता सांगायला नको.

मराठीत एक गंमत आहे. बरीच पोरं अक्षरावर अडत नाहीत, काना-मात्रा-वेलांटीवर अडतात. 'क' येतो, 'ळ' येतो, पण 'केळी' समोर आली की 'कळ' वाचतात. अशा वेळी बाराखडी म्हणून घेऊ नका, ती गाण्यासारखी पाठ असते. 'मे', 'की', 'सू', 'तो' असं उलटसुलट विचारा. लगेच कळतं गाडी कुठं रुतलीय.

एका मुलाला चार मिनिटं धरली तर माझ्या 26 पोरांची 104 मिनिटं होतात. रोज वीस-बावीस मिनिटं काढली की पाच दिवसांत वर्ग होतो. तोवर बाकीचे चित्रं काढतील, गोंगाट करतील. करू दे. फक्त एक सांभाळा, वाचणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करू नका आणि हातात लाल पेन नको. परीक्षा वाटली की मूल मिटतं.

मग रोज तासभर इयत्ता विसरून पातळीनुसार गट. चौथीतलं मूल तिसरीतल्याबरोबर अक्षरगटात बसलं तर बसू दे. दोन शिक्षकी शाळेत हे उलट सोपं जातं. मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत 'बालसखी' नावाचा प्रयोग झाला होता. मागं राहिलेल्या मुलांना वेगळं बसवून स्थानिक ताई त्यांच्या पातळीचं शिकवायच्या. मुलांचे गुण वाढले. तो अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना 2019 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

हो, माहितीये, पहिल्याच आठवड्यात प्रवेशोत्सव, पुस्तकवाटप, गणवेशाची मापं, पोषण आहाराच्या नोंदी, आणि ग्रुपवर 'माहिती तातडीने सादर करावी'. ('तातडीने' या शब्दाचं शाळेत काय झालंय, यावर कधीतरी वेगळा भाग करू.) हे सगळं संपायची वाट बघितली तर दिवाळी येते. म्हणून मी वेळ ठरवून टाकलीय: परिपाठ झाला की लगेच वाचन, मोबाईल कपाटात.

आणि नवीन असण्याचं वाईट वाटून घेऊ नका. गोष्टी सांगणं, फळा, शिस्त हे हळूहळू जमेल, माझंही अजून कच्चंच आहे. पण मुलाशेजारी बसून चार मिनिटं कान देऊन ऐकायला अनुभव लागत नाही. ते पहिल्या दिवशीही जमतं.

तो पोरगा एप्रिलमध्ये परत आलाय. यंदा चौथीत, म्हणजे माझ्याकडेच. परवा पाराजवळ भेटला, लांबूनच "सर!" म्हणून ओरडला. त्याच्यासाठी उतारा लिहून ठेवलाय, बैलाच्या घुंगरांवर आहे. पहिल्या दिवशी पहिला नंबर त्याचा.