पडद्याच्या मागच्या बाजूला

अम्मीच्या पंचाहत्तरीला घरात तंबूतला सिनेमा उभारायचं ठरलं. मुलांनी फुगे आणले, ते मी परत पाठवले. जत्रेतला तंबू म्हणजे सतरंजी, पुडीतले शेंगदाणे आणि मधोमध पडदा! तो भिंतीला लावू नये. पातळ सुती चादर खोलीच्या मध्यावर ताणावी, प्रोजेक्टरची वायर लांब ठेवून थोडी ओली करावी. उजेड आरपार जातो, चित्र दोन्हीकडून दिसतं. खिडक्यांवर गोधड्या हव्यातच.

१९६० चा 'मुगल-ए-आझम' लावला. अम्मीची खुर्ची अगदी समोर मांडली होती. नावं सुरू होताच ती उठली आणि चादरीमागे जाऊन बसली. तिच्या गावच्या तंबूत बायकांची जागा पडद्यामागे असे. सलीमची तलवार तिनं कायम डाव्या हातातच पाहिली होती.