चौकट : जलरंगाचा ब्रश घेताना, जपताना

दुकानात एक भांडं पाणी मागा. ब्रश बुडवून मनगटाला झटका द्या. टोक आपोआप सुईसारखं जुळलं तर घ्या. केस फाकले तर तो ब्रश कितीही महाग असो, परत ठेवा.

जलरंगासाठी सर्वात नावाजलेले केस कोलिन्स्कीचे, म्हणजे सायबेरियातल्या एका मुंगसाएवढ्या प्राण्याच्या शेपटीचे. या ब्रशचं पोट भरपूर पाणी धरतं आणि टोक बारीक राहतं. आजचे चांगले सिंथेटिक ब्रश शिकणाऱ्याला पुरेसे आहेत. ८ किंवा १० नंबरचा एक गोल ब्रश आणि वॉशसाठी, म्हणजे पातळ रंग सलग पसरवण्यासाठी, एक इंची चपटा ब्रश, एवढ्यावर अख्खं निसर्गचित्र होतं. बारीक ब्रशांचा संच घेण्यापेक्षा एकच मोठा, टोकदार ब्रश घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

मुंगसाच्या केसांचा ब्रश मात्र घेऊच नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे, आणि त्यासाठी मुंगसं मारली जातात.

ब्रश पाण्याच्या भांड्यात उभा सोडू नये. टोक वाकतं, पाणी धातूच्या नळीत शिरून लाकूड फुगतं, दांड्याचा रंग सुटतो, मग केस गळू लागतात. काम संपल्यावर साध्या पाण्याने, अधूनमधून सौम्य साबणाने धुवा, बोटांनी टोक जुळवा आणि आडवा वाळवा. पावसाळ्यात ओला ब्रश बंद डब्यात ठेवला तर बुरशी धरते. अ‍ॅक्रिलिकसाठी वेगळा ब्रश ठेवा. तो रंग मुळाशी वाळला की निघत नाही.